कच्च्या वहीचा फोटो

रात्री नऊ वाजून गेले की ठाण्यातल्या क्लासांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. नौपाड्यातली दहावीची बॅच असो, घोडबंदर रोडची बारावीची असो की खाडीपलीकडे ऐरोली-कोपरखैरण्याची, वेळ साधारण तीच. कारण साधं आहे. पुष्कळ घरांत मुलाचा डाऊट ज्या फोनवरून जातो तो फोन आईचा किंवा बाबांचा असतो. तो फोन आठ-साडेआठपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत, रबाळे, घणसोली नाहीतर तुर्भ्याहून घराकडे निघालेला असतो. फोन घरी येतो, चार्जिंगला लागतो, जेवणं होतात, आणि मग डाऊट निघतात. साडेनऊ ते अकरा ही त्यांची भरतीची वेळ.

मग फोटो यायला लागतात. गाईडचं पान तिरकं, एका कोपऱ्यात अंगठा, गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, आणि नेमका त्याच पट्ट्याखाली प्रश्नातला एक आकडा गडप. शेजारचं उदाहरणही अर्धं आत आलेलं. हवं ते कुठलं हे कळावं म्हणून कधी पेनाची खूण, कधी तीही नाही. खाली मजकूर: 'सर हे', किंवा 'मॅम ७ वा', किंवा नुसतं प्रश्नचिन्ह. याला आळस म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. फोटो पाठवला म्हणजे प्रश्न विचारून झाला, असं त्या मुलाला मनापासून वाटत असतं.

त्या फोटोत प्रश्न असतो, डाऊट नसतो. प्रश्न तर पुस्तक छापणाऱ्यानेच विचारून ठेवलाय, आणि ते पुस्तक सरांच्या टेबलावरही आहे. या मुलाला काय अडलं ते त्याच्या रफ वहीत आहे. आधीच्या पिढीने जिला कच्ची वही म्हटलं तीच ही. पक्क्या वहीत सगळं सुवाच्य आणि बरोबर असायचं, कारण तिथे उतरवून घेतलेलं असायचं. चुका, खोडाखोड, समासात उभे-आडवे केलेले गुणाकार, हे सगळं कच्चीत. शिकवणाऱ्याच्या उपयोगाचं पानही तेच, आणि ते दाखवायची मुलांना सगळ्यात जास्त लाज वाटते.

दहावीच्या वर्गसमीकरणांतलं एक जुनं खोड घेऊ. एक आगगाडी ३६० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने जाते. वेग ताशी ५ किलोमीटरने जास्त असता तर तेवढ्याच अंतराला १ तास कमी लागला असता. तर मूळ वेग किती? वेग क्ष मानू. (वहीत एक्स असतो, त्याने काही बिघडत नाही.) मूळ वेळ ३६०/क्ष, वाढीव वेगाने लागणारा वेळ ३६०/(क्ष + ५). जास्त वेळातून कमी वेळ वजा केला की १ तास उरायला हवा, म्हणून ३६०/क्ष − ३६०/(क्ष + ५) = १. छेद उडवले की क्ष² + ५क्ष − १८०० = ०. अवयव (क्ष + ४५)(क्ष − ४०), वेग उणे नसतो, म्हणून ताशी ४०. ताळा पाहा: चाळीसने ९ तास, पंचेचाळीसने ८ तास. जमलं.

आता याच उदाहरणावर अडलेल्या तिघांच्या वह्या उघडू. पहिलीत वजाबाकी उलटी आहे. आधी ३६०/(क्ष + ५), मग त्यातून ३६०/क्ष वजा. समीकरण येतं क्ष² + ५क्ष + १८०० = ०, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारा भाग) निघतो २५ − ७२००, म्हणजे उणे ७१७५. मूळच निघत नाही, मुलगा तिथे थांबतो. त्याने उलटं का लिहिलं? क्ष + ५ ही क्षपेक्षा मोठी संख्या, मोठीतून लहान वजा करायची, एवढं त्याला पक्कं ठाऊक आहे. मोठी संख्या छेदात गेली की अपूर्णांक लहान होतो, ही पाचवी-सहावीतली गोष्ट त्या घाईत निसटली. त्याचं वर्गसमीकरण उत्तम आहे. कच्चे आहेत ते अपूर्णांक.

दुसऱ्या वहीत मांडणी बरोबर, पण छेद उडवताना ३६०(क्ष + ५) चं ३६०क्ष + ५ झालंय. कंसाबाहेरच्या संख्येने फक्त पहिल्या पदाला गुणलं. मग ३६०क्ष जाऊन उरतं क्ष² + ५क्ष − ५ = ०, आणि सूत्राने वेग येतो ताशी साधारण ०.८५ किलोमीटर. या गाडीपेक्षा रुळांतून चालत गेलेलं बरं. पण मुलीला ते खटकत नाही, कारण उत्तर 'विचित्र' आलं की चूक सूत्रात असेल असं समजून ती सूत्रच पुन्हा पुन्हा तपासत बसते. तिसरी वही कोरी आहे. 'क्ष मानू' इथवरही तो आला नाही. वेळ बरोबर अंतर भागिले वेग, हे त्याला पाठ आहे, पण गणिताच्या तासाला ते आठवायचं असतं हे ठाऊक नाही. त्याच्या लेखी ते विज्ञानात येतं.

तिघांनी पुस्तकाचा फोटो पाठवला असता तर तिन्ही फोटो सारखेच दिसले असते. तिघांना एकच स्वच्छ सोडवलेलं उदाहरण मिळालं असतं, तिघांनी ते पक्क्या वहीत उतरवलं असतं, तिघांनी 'थँक्यू सर' आणि हात जोडलेला इमोजी पाठवला असता. आजार तीन, गोळी एकच, आणि त्यातही कोरी वहीवाल्याला ती गिळताच आलेली नाही.

ही नुसती क्लासवाल्यांची कुरकुर नव्हे, यावर मोजमापही झालंय. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या अठ्ठ्याण्णव टक्के मुलांच्या पुढे जातो. शिकवणीची ॲपं विकणाऱ्यांनी हे वाक्य झेंड्यासारखं मिरवलंय. कर्ट व्हॅनलेन या संशोधकाने २०११ साली अनेक प्रयोग एकत्र मांडून पाहिले तेव्हा परिणाम बराच खाली आला. ब्लूम यांच्या मापाने २ प्रमाण विचलनं (मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप) होती, इथे माणसाच्या शिकवणीला ०.७९ मिळालं. पण त्याच तक्त्यात याहून कामाचे दोन आकडे आहेत. विद्यार्थ्याची प्रत्येक पायरी पाहून जागेवर टोकणारं संगणकीय साधन ०.७६ वर होतं, जवळजवळ माणसाइतकंच. फक्त शेवटचं उत्तर बरोबर की चूक एवढं सांगणारं साधन ०.३१ वर. समोर माणूस आहे की यंत्र, यापेक्षा त्याला पायरी दिसते की नाही याने जास्त फरक पडला. व्हॉट्सॲपवर पुस्तकाचा फोटो घेऊन उत्तर पाठवणारे सर जिवंत असले तरी पायरी त्यांना दिसत नाही. ते यंत्राच्याही मागे पडतात.

व्हॉट्सॲपच्या आधी पायरी दिसायची ती रांगेमुळे. क्लास सुटला की टेबलाशी सात-आठ मुलं वही छातीशी धरून उभी. सर वही ओढून घेत, तीन ओळी वाचत आणि चुकलेल्या ओळीवर लाल पेन आपटत. त्या रांगेचे आणखी दोन फायदे होते, जे तेव्हा कुणी मोजले नाहीत. पुढच्याचा डाऊट मागच्याला फुकटात ऐकू यायचा. आणि रांगेत उभं असताना आपलीच वही चार वेळा पाहिली जायची, त्यात कित्येकांचं कोडं नंबर यायच्या आत सुटायचं आणि ती मुलं गुपचूप दप्तर उचलून निघून जायची. रांगेचे तोटेही कमी नव्हते. लाजरी मुलं तिच्यात उभीच राहत नसत, कळव्याची बस गाठायची असलेली मुलगी कधी थांबत नसे, आणि सरांचा आवाज चढला की पुढचे तीन डाऊट आपोआप मिटत. म्हणून 'पूर्वी सगळं छान होतं' या गाण्यात सूर मिसळायचं कारण नाही. पूर्वी जे दिसायचं ते आता फोनमधून कसं दाखवायचं, एवढाच विचार करायचा.

त्याचा नियम एका ओळीत येतो: पुस्तकाचा फोटो नको, कच्च्या वहीचा पाठवा. पानावर वरती प्रकरण आणि उदाहरणाचा क्रमांक. जिथे थांबलात त्या ओळीभोवती चौकट. फोटोखाली दोनच वाक्यं: मला इथे काय आलं, आणि मला ते का चुकीचं वाटतंय. पान कोरं असेल तर कोरं पाठवायचं नाही. 'दिलेलं' आणि 'काढायचं' असे दोन शब्द लिहून त्यांच्यासमोर जे कळलं ते मांडायचं. आगगाडीच्या उदाहरणात कोरी वहीवाल्याने एवढं केलं तरी 'दिलेलं: अंतर ३६०, वेळेतला फरक १ तास' असं लिहिताना वेळ हा शब्द त्याच्या हातून कागदावर उतरतो, आणि वेळ कसा काढतात हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

फोटोचंही एक तंत्र आहे, ते पहिल्या दिवशी करून दाखवावं लागतं. वही जमिनीवर सपाट ठेवायची, मांडीवर नाही. फोन पानाच्या बरोब्बर वर, दीड वीत उंच, पानाला समांतर. दिवा डोक्याच्या मागे असेल तर हाताची सावली नेमकी मजकुरावर पडते, म्हणून दिवा बाजूला येईल असं बसायचं. फ्लॅश बंद. अडलेल्या ओळीवर बोट टेकवून फोकस घ्यायचा. शिसपेन्सिलीचं फिकट लिखाण फोटोत विरून जातं, तेव्हा रफ कामही निळ्या पेनाने करायचं. खोडरबर तर त्या पानापुरतं बंदच, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं, कारण खोडलेली ओळच बहुधा कामाची असते. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून आकृती किंवा बारीक घातांक असतील तर पाठवताना एचडी निवडायचं.

पहिल्या आठवड्यात या नियमाने ग्रुप थंड पडतो. डाऊट एकदम कमी येतात आणि शिकवणाऱ्याला वाटतं की आपण मुलांना घाबरवलं. थोडं तसंही असतं, पण बरेच डाऊट ते दुसरं वाक्य लिहितानाच मेलेले असतात. 'मला उणे ७१७५ आलं आणि वर्गमूळ निघत नाही म्हणून...' एवढं टाइप करेपर्यंत नजर एकदा वरच्या ओळीवर जातेच. रांगेत उभं राहिल्यावर व्हायचं तेच.

दुसरी अडचण हुशार मुलांची. कुणीतरी पान टाकलं की पुढच्या मिनिटाला एखादा पूर्ण उत्तर लिहून पाठवतो, त्यावर अंगठ्यांची रांग लागते, आणि डाऊट विचारणारा गप्प होतो. हेतू वाईट नसतो, पण त्या एका उत्तराने चाळीस जणांचा विचार बंद पडतो. उपाय म्हणून ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून डाऊट खासगीत मागवावेत तर दुसऱ्यांचा डाऊट ऐकू येणं बंद होतं, म्हणजे रांगेचा अर्धा फायदा गेला. मधला मार्ग असा: दहा वाजेपर्यंत पानं खासगीत घ्यायची, त्यातली दोन-तीन निवडून नाव कापून सव्वादहाला ग्रुपवर टाकायची, आणि उत्तराऐवजी विचारायचं, 'चूक कितव्या ओळीत आहे?' इथे व्हॉट्सॲपचा पोल वापरायचा मोह होतो. पण साध्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. मुलं पहिल्या नंबरच्या मुलीचं मत पडेपर्यंत थांबतात आणि मग सगळी गर्दी तिच्या पाठीमागे. असा प्रश्न गूगल फॉर्मवर विचारलेला बरा, तिथे शेजाऱ्याचं दिसत नाही.

शिकवणाऱ्याने उत्तर किती द्यायचं, हा खरा संयमाचा भाग. पहिल्या वहीला उत्तर म्हणून एवढंच पुरतं: 'वेग वाढला तर वेळ वाढेल की कमी होईल? मग तुझ्या दोन अपूर्णांकांत मोठा कुठला?' वीस सेकंदांचा व्हॉइस नोट. संपूर्ण सोडवलेलं उदाहरण सकाळच्या आत पाठवायचं नाही. पालक कधी कधी यावर नाराज होतात. फी भरलीय आणि सर उलटे प्रश्नच विचारतात, अशी तक्रार येते. ती यायचीच. आठवड्याच्या शेवटी आलेली वीस-पंचवीस पानं एकत्र काढून चुकांची नुसती रेघारेघांनी मोजदाद करायची: कंस, चिन्ह, अपूर्णांक, वाचण्यात चूक, एकक. कुठल्या रकान्यात रेघा दाटल्यात त्यावर सोमवारच्या तासाची पहिली दहा मिनिटं. क्लासच्या टेस्ट सिरीजचे गुण यातलं काहीच सांगत नाहीत.

व्हॉइस नोट मुलांकडूनही घ्यावा. टाइप करायचा कंटाळा असलेला मुलगाही तीस सेकंद बोलू शकतो, आणि बोलताना तो पायरी ओलांडू शकत नाही. मात्र वन रूम किचनमध्ये रात्री साडेदहाला आजोबा झोपलेले असताना 'विवेचक ऋण आला' असं मोठ्याने बोलायची सोय नसते, हेही लक्षात ठेवायचं. आणि ज्या घरात तीन भावंडांत एकच फोन आहे तिथे हे काहीच जमत नाही. तिथल्या मुलासाठी वर्गाच्या दाराशी एक खोका आणि पाव कागदाच्या चिठ्ठ्या. तीच दोन वाक्यं, तीच चौकट. हा खोका फोनपेक्षा मागासलेला आहे असं कुणी समजू नये. चिठ्ठी फॉरवर्ड होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

व्हिडिओबद्दल फार लिहीत नाही, पुष्कळांनी लिहिलंय. एकच सांगतो. व्हिडिओ पाहताना समजल्यासारखं वाटतं ते खोटं नसतं, फक्त टिकाऊ नसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनंतर पुढे होती, पण आठवड्याने तीच मुलं मागे पडली आणि एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारी पुढे गेली. व्हिडिओ दीडपट वेगाने दोनदा पाहणं हे पुन्हा वाचण्याचंच नवं रूप. शिक्षक म्हणून आपण व्हिडिओ बनवत असाल तर 'म्हणून' या शब्दाआधी थांबा, पडद्यावर 'पुढची ओळ वहीत लिहा' असं येऊ द्या आणि दहा सेकंद काहीही बोलू नका. ते दहा सेकंद संपादनात कापून टाकायचा मोह फार होतो.

भाषेचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी माध्यमाच्या मुलांना इथे जो फटका बसतो तो कुणाच्या हिशेबातच नाही. इंटरनेटवर विज्ञानाचे हिंदी व्हिडिओ मुबलक, सफाईदार आणि फुकट आहेत. लिपी तीच, शब्दही ओळखीचे वाटतात, आणि नेमके तिथेच पाय घसरतात. बालभारतीच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (बेस) यांच्या अभिक्रियेतून क्षार (सॉल्ट) आणि पाणी तयार होतं. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, आम्लारीचाच एक प्रकार, आणि आपला क्षार तिथे लवण. म्हणजे हिंदी व्हिडिओ मन लावून पाहिलेली मुलगी पेपरात 'क्षार लाल लिटमस निळा करतो' असं लिहून येते आणि तिला गुण का गेले ते घरी कुणालाच कळत नाही. तिने अभ्यास केला नव्हता असं नाही. दोन भाषांत एकाच शब्दाची दोन माणसं राहतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

असे शब्द पुष्कळ आहेत. आपलं वस्तुमान तिकडे द्रव्यमान, आपली पेशी तिकडे कोशिका, आपल्या ऊती तिकडे ऊतक, आपली संभाव्यता तिकडे प्रायिकता, घनता तिकडे घनत्व, भिंग तिकडे लेंस. हे त्यातले निरुपद्रवी, कारण ते वेगळे दिसतात. धोका सारख्या दिसणाऱ्यांचा. हिंदीत वर्ग म्हणजे भूमितीतला चौरसही, मराठी गणितात वर्ग म्हणजे फक्त संख्येचा दुसरा घात. जीवशास्त्रात आपण उत्क्रांती म्हणतो तिथे हिंदीत विकास हा शब्द सर्रास येतो, आणि आपल्याकडे विकास म्हणजे एका जिवाची वाढ, नाहीतर महापालिकेचा फलक. व्हिडिओ पाहायला बंदी घालण्यात अर्थ नाही, मुलं पाहणारच आणि पाहावेतच. प्रकरण सुरू होताना फळ्याच्या उजव्या बाजूला दोन रकाने आखायचे, डावीकडे पुस्तकाचा शब्द, उजवीकडे व्हिडिओतला. 'आम्ल, आम्लारी व क्षार' या प्रकरणाला सात-आठ जोड्या पुरतात. सेमी इंग्रजीवाल्यांसाठी तिसरा रकाना. पाच मिनिटांचं काम, पण ते पहिल्याच तासाला व्हायला हवं, उजळणीच्या वेळी करून उपयोग नाही.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांपुढे आलं, पुढे ते फोटोही वाचू लागलं आणि डाऊटचा फोटो पाठवायला रात्री जागं असलेलं आणखी एक ठिकाण मिळालं. (अशा सेवा जिथून चालतात त्याला क्लाऊड म्हणतात, पण तो हवेत नसतो. ऐरोली, रबाळे, महाप्याच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या गारेगार, अबोल इमारती उभ्या आहेत. आईचा फोन ज्या गाडीने घरी येतो त्याच मार्गाच्या आसपास.) फोटोवरून गणित सोडवणारी ॲपं त्याआधीही होती, फोटोमॅथ २०१४ पासून आहे. नवीन गोष्ट ही की आता चॅटजीपीटीसारख्या यंत्राला मराठीत प्रश्न विचारता येतो आणि ते मराठीत समजावतं. त्या मराठीत द्रव्यमान आणि कोशिका डोकावतातच. देवनागरीतला हिंदी मजकूर इंटरनेटवर मराठीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि या यंत्राचं शिक्षण त्याच मजकुरावर झालंय. म्हणून तो दोन रकान्यांचा तक्ता इथेही जवळ ठेवायचा.

यंत्राला पुस्तकाचा फोटो दिला की ते उत्तर देतं, वहीचा दिला आणि नीट सांगितलं तर ते पायरी पाहू शकतं. नीट सांगायचं म्हणजे असं: 'ही माझी वही आहे. उत्तर सांगू नकोस, पुढची पायरीही सांगू नकोस. आधी माझं लिखाण ओळीने जसंच्या तसं उतरव, मग पहिली चूक कितव्या ओळीत आहे तेवढं सांग.' यातलं 'आधी उतरव' फार महत्त्वाचं. हस्ताक्षर चुकीचं वाचलं गेलं तर पुढचं सगळं समजावणं भलत्याच गणिताचं होतं. मराठी अंकांत लिहिणाऱ्यांनी तर जास्त जपावं. आपला मराठी एक इंग्रजी नवासारखा दिसतो आणि आपला पाच इंग्रजी चारासारखा. त्याने उतरवलेलं आपल्या वहीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि उत्तर आलं की ताळा आपणच करायचा. चाळीसने ९, पंचेचाळीसने ८, यात कुणाच्या मदतीची गरज नाही.

या यंत्राचा एक स्वभाव मुलांना सांगून ठेवावा. 'पण आमच्या सरांनी वेगळं सांगितलं होतं' असं म्हटलं की हे पुष्कळदा चटकन माघार घेतं, आधीचं बरोबर असलं तरीही. माणूस असा असता तर आपण त्याला गुळाचा गणपती म्हटलं असतं. याचा वर्गात चांगला उपयोग होतो. बरोबर सोडवलेलं उदाहरण द्यायचं, मुलांना त्यावर मुद्दाम खोटी शंका घ्यायला लावायची, आणि यंत्र कधी डळमळतं ते पाहायचं. ते डळमळलं की ते कुठल्या ओळीत घसरलं हे शोधताना अख्खा वर्ग पायऱ्या वाचतो. एरवी लाल पेनाने हेच करून घ्यायला महिना लागतो.

एवढं सगळं केलं तरी दहावी संपून अकरावी लागली की मुलं पायऱ्या लिहिणं सोडतात, आणि त्यात त्यांचा दोष काढता येत नाही. राज्य मंडळाच्या पेपरात पायरीला गुण आहेत. उत्तर चुकलं तरी मांडणीचे मिळतात. बारावीनंतरच्या प्रवेशासाठीची राज्याची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते, तिथे गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण, उणे गुण नाहीत, आणि चार पर्यायांपैकी कुठला गोल काळा झाला एवढंच यंत्राला दिसतं. उलटी वजाबाकी करणारा, कंस विसरणारा आणि कोऱ्या वहीवाला, तिघेही तिथे सारखेच. चौथा नशिबावर गोल दाबून त्यांच्या पुढेही जाऊ शकतो. उत्तर तेवढं पाहणारं ते ०.३१ वालं साधन इथे प्रवेश ठरवतं. मग वही नीट का ठेवायची, हा प्रश्न मुलगा विचारतो तेव्हा त्याला पटेल असं उत्तर फारसं नसतं. एकच व्यावहारिक उत्तर आहे: नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, आणि त्या घाईत चुकणारी ओळ आधी शंभर वेळा पकडलेली असेल तरच पकडता येते.

संगणकावरच्या या परीक्षांना कच्च्या कामासाठी कोरे कागद मिळतात. अभियांत्रिकीच्या देशपातळीवरच्या जेईई मेनला त्यावर नाव आणि क्रमांक घालून बाहेर पडताना ते पेटीत टाकावे लागतात, घरी नेता येत नाहीत. एका सत्रात शेकडो मुलं, प्रत्येकाचे दोन-चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. कुठे वजाबाकी उलटी, कुठे कंसातलं दुसरं पद सुटलेलं, कुठे 'क्ष मानू' लिहून पुढे काहीच नाही. संध्याकाळी पेटी भरते आणि झाकण लागतं.